टॉमकॅट १०.१ वर वॉर फाइल डिप्लॉय होते, लॉगमध्ये एकही चूक नाही, तरी प्रत्येक पान ४०४

प्रश्न

नमस्कार मंडळी. तीन रात्री या एकाच गोष्टीत गेल्या आहेत, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. पोस्ट लांबेल, पण अर्धवट माहिती देऊन तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारायला लावायचं नाही.

मी मूळची डेटाबेसवाली. क्वेऱ्या, इंडेक्स, बॅकअप हे माझं काम. आमच्याकडे भांडारातल्या सुट्या भागांची नोंद ठेवणारं एक वेब ॲप्लिकेशन आहे, त्याचं नाव 'साठा'. ज्यांनी ते लिहिलं ते सहकारी नोकरी सोडून गेले आणि ॲप्लिकेशन माझ्याकडे आलं. जावा मला वाचता येतं, थोडंफार लिहिताही येतं, पण सर्व्हर उभा करायचं काम आजवर त्यांनीच केलं होतं. सहा वर्षं ते एका मशीनवर टॉमकॅट ८.५ (जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर) आणि जावा ८ वर चालत आलंय. ते मशीन आता बदलायचं ठरलं आहे. ८.५ ची देखभाल ३१ मार्च २०२४ ला थांबली हे वाचलेलं होतं, त्यामुळे नव्या मशीनवर पुन्हा तेच टाकायला मन धजेना. जावा १७ घेतलं, टॉमकॅट १०.१ घेतला.

ॲप्लिकेशन स्प्रिंग ५.३ या जावा फ्रेमवर्कवर आहे, स्प्रिंग बूट नाही. ॲप्लिकेशनची मांडणी सर्व्हरला सांगणारी वेब.एक्सएमएल ही फाइलच नाही. त्याऐवजी एक जावा क्लास आहे, तो डिस्पॅचर सर्व्हलेटची, म्हणजे ब्राउझरकडून आलेली विनंती घेऊन योग्य कोडकडे देणाऱ्या स्प्रिंगच्या क्लासची, नोंदणी करतो. पानं जेएसपीची (एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेली), सगळी वेब-आयएनएफ या फोल्डरच्या आत. डेटाबेस पोस्टग्रेस. हायबरनेट वगैरे काही नाही, सगळं जेडीबीसी टेम्प्लेटवर. बिल्ड मेव्हनने होतं आणि सर्व्हलेट एपीआयची जार (क्लास एकत्र बांधलेली फाइल) प्रोव्हायडेड स्कोपमध्ये आहे, म्हणजे वॉरमध्ये (सगळं ॲप्लिकेशन बांधलेल्या फाइलीत) जात नाही.

जुन्या मशीनवरची साठा.वॉर उचलली आणि नव्या टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये ठेवली. कॅटलिना लॉगमध्ये ओळ आली की आर्काइव्हचं डिप्लॉयमेंट २,१४३ मिलिसेकंदांत पूर्ण झालं. त्याआधी, जार तपासल्या पण काहींत टीएलडी (जेएसपीतल्या टॅगांची वर्णनं) सापडल्या नाहीत, अशी एक सूचना. ती जुन्या मशीनवरही येते. एक्सेप्शन एकही नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. टॉमकॅटचंच ४०४ चं पान, तळाशी त्याची आवृत्ती. लॉगिनचं पान ४०४, यादीचं पान ४०४, नुसतं '/साठा/' टाकलं तरी ४०४. टॉमकॅटचं स्वतःचं स्वागताचं पान मात्र ८०८० पोर्टवर उघडतं.

सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट आता सांगते. ॲप्लिकेशनमधल्या बोधचिन्हाच्या चित्राचा पूर्ण पत्ता दिला तर ते चित्र उघडतं! स्टाइलशीटही उघडते. म्हणजे वॉर उलगडली गेली आहे, टॉमकॅटला ती माहीत आहे, आतल्या फाइली तो देतोय, आणि तरी एकही पान त्याला सापडत नाही.

फाइलींच्या परवानग्या तपासल्या. टॉमकॅट तीनदा बंद-चालू केला. वॉर पुन्हा बिल्ड करून टाकली. लॉगची पातळी वाढवली, तर इतका मजकूर आला की त्यात काय शोधायचं हेच कळेना. भांडारातली माणसं दिवसभर याच पानांवर असतात. जुनं मशीन अजून चालू आहे म्हणून काम अडलेलं नाही, पण त्याची डिस्क आता कुरकुरू लागली आहे. कुणी योग्य दिशा दाखवली तर फार आभारी राहीन.


उत्तर

पत्त्यातलं नाव आणि वॉर फाइलीचं नाव अक्षरशः एकच आहे का पाहा. टॉमकॅट वॉरच्या नावावरूनच कॉन्टेक्स्ट पाथ (पत्त्यातला ॲप्लिकेशनचा भाग) ठरवतो आणि लहान-मोठी लिपी वेगळी मानतो. नावात हॅशचं चिन्ह (#) असेल तर त्याचा तिरकी रेघ असा अर्थ घेतो, आणि दोन हॅश असतील तर पुढचा भाग आवृत्ती समजतो. मुळावर चालवायचं असेल तर फाइलीचं नाव मोठ्या लिपीत रूट असावं लागतं. शिवाय टॉमकॅट बंद करून उलगडलेलं फोल्डर आणि वर्क फोल्डरमधलं त्या ॲप्लिकेशनचं फोल्डर पुसा, मग चालू करा. जुन्या जेएसपींचे कंपाइल केलेले क्लास तिथे पडून असतात.


प्रश्नकर्ती

धन्यवाद. नाव तंतोतंत तेच आहे, आणि चित्र त्याच मार्गावरून उघडतंय, त्यामुळे मार्ग बरोबर असावा असं वाटतं. दोन्ही फोल्डर पुसून पाहिली. फरक नाही.


उत्तर

ताई, चित्र उघडतं आणि पानं उघडत नाहीत, हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. बहुतेक लोक फक्त '४०४ येतंय' एवढंच लिहितात आणि मग दहा-दहा उत्तरं अंदाजाने जातात.

चित्र आणि स्टाइलशीट देणारा सर्व्हलेट तुमच्या ॲप्लिकेशनचा नाही. तो टॉमकॅटचा डिफॉल्ट सर्व्हलेट आहे, टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमधल्या वेब.एक्सएमएलमध्ये त्याची नोंद असते. म्हणजे फाइली पोचल्या आहेत पण तुमचा डिस्पॅचर सर्व्हलेट जन्मालाच आलेला नाही.

खात्री करायला दोन गोष्टी सांगा. एक, लॉग्स फोल्डरमध्ये कॅटलिना नावाचा लॉग तुम्ही पाहिलात, पण तिथेच लोकलहोस्ट आणि पुढे तारीख अशी दुसरी फाइल असते. ॲप्लिकेशन स्वतः सर्व्हलेट कॉन्टेक्स्टमार्फत जे बोलतं ते तिथे जातं. जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर त्या फाइलीत काय आहे? दुसरं, नव्या मशीनवर उलगडलेल्या फोल्डरमध्ये वेब-आयएनएफच्या लिबमध्ये स्प्रिंग-वेब जारची आवृत्ती कोणती आहे?


प्रश्नकर्ती

ही दुसरी फाइल मी आजवर उघडलीच नव्हती.

जुन्या मशीनवर प्रत्येक वेळी सुरू होताना एक ओळ आहे: क्लासपाथवर १ स्प्रिंग वेबॲप्लिकेशनइनिशियलायझर सापडला. त्यापाठोपाठ डिस्पॅचर सर्व्हलेट सुरू होत असल्याची ओळ. नव्या मशीनवर फाइल आहे, पण शून्य बाइटची. एक अक्षरही नाही. उदाहरणांची ॲप्लिकेशनं मी आधीच काढून टाकली होती, त्यामुळे त्यांच्याही ओळी नाहीत.

स्प्रिंग-वेब ५.३ चीच आहे, जुनी वॉर जशीच्या तशी आणली आहे.


उत्तर

मग सापडलं. तुमच्या वॉरमध्ये काही बिघडलेलं नाही आणि टॉमकॅटमध्येही नाही. दोघं दोन वेगवेगळ्या नावांनी एकमेकांना शोधताहेत.

आधी हे ॲप्लिकेशन सुरू कसं होतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय लॉग गप्प का हे पटणार नाही. वेब.एक्सएमएल नसतानाही ॲप्लिकेशन चालतं ते सर्व्हलेट ३.० मुळे, ते २००९ मध्ये जावा ईई ६ बरोबर आलं. त्यात अशी सोय झाली की कंटेनर (इथे टॉमकॅट) सुरू होताना प्रत्येक जारच्या मेटा-आयएनएफमधल्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये एका ठरावीक नावाची फाइल शोधतो. फाइलीचं नाव म्हणजे एका इंटरफेसचं पॅकेजसकट पूर्ण नाव. फाइल सापडली की तिच्यात लिहिलेला क्लास चालवतो. स्प्रिंग-वेब जारमध्ये अशी फाइल आहे. तिच्यामुळे स्प्रिंग जागं होतं, मग ते तुमचा नोंदणी करणारा क्लास शोधतं, आणि तो क्लास डिस्पॅचर सर्व्हलेट उभा करतो. सगळी साखळी त्या एका फाइलनावाला टांगलेली आहे.

स्प्रिंग ५ मध्ये त्या फाइलीचं नाव जावाएक्स.सर्व्हलेट असं सुरू होतं. टॉमकॅट १० शोधतो ते नाव जकार्ता.सर्व्हलेट असं सुरू होतं. फाइल तिथेच आहे, पण टॉमकॅट त्या नावाने विचारतच नाही. आणि अशी फाइल नसणं ही चूक नाही. हजारो जारमध्ये ती नसते. त्यामुळे तक्रार करायला कुणी उरतच नाही. स्प्रिंगचा एकही क्लास लोड झाला नाही, म्हणून तुमचा लोकलहोस्ट लॉग शून्य बाइटचा. स्प्रिंग जागं झालं असतं आणि तुमचा क्लास सापडला नसता, तर 'एकही इनिशियलायझर सापडला नाही' अशी ओळ आली असती. तीही नाही म्हणजे साखळी पहिल्याच कडीला तुटली.

तुमच्याकडे वेब.एक्सएमएल असतं आणि त्यात डिस्पॅचर सर्व्हलेटचं नाव असतं, तर टॉमकॅटने तो क्लास लोड करायचा प्रयत्न केला असता आणि जावाएक्सचा एचटीटीपीसर्व्हलेट सापडत नाही म्हणून लॉग लालेलाल केला असता. पाच मिनिटांत कारण कळलं असतं. ॲनोटेशनने नोंदवलेल्या साध्या सर्व्हलेटांचंही तुमच्यासारखंच होतं: टॉमकॅट १० जकार्ताचं ॲनोटेशन शोधतो, जावाएक्सचं दिसलं तर पुढे जातो, बोलत नाही. या शांततेने मला एकदा शनिवार-रविवार दोन्ही दिवस बसवून ठेवलं होतं, म्हणून तुमच्या तीन रात्री मी समजू शकतो.

नाव का बदललं, हेही थोडक्यात. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. जावा हे नाव ओरॅकलकडेच राहिलं, म्हणून २०१८ मध्ये जकार्ता ईई हे नाव आलं. जावाएक्स नावाच्या पॅकेजांत पुढे बदल करता येणार नाहीत हे २०१९ मध्ये स्पष्ट झालं, आणि डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी पॅकेजं एका फटक्यात जकार्ता झाली. टॉमकॅट १० पासून पुढचे सगळे त्या बाजूचे. टॉमकॅट ९ हा अलीकडच्या काठावरचा शेवटचा: सर्व्हलेट ४.०, जावाएक्स, जावा ८ किंवा पुढचं चालतं. स्प्रिंग ५ अलीकडे, स्प्रिंग ६ पलीकडे. स्प्रिंग बूट २ अलीकडे, ३ पलीकडे. जेट्टी या दुसऱ्या जावा सर्व्हरची १० अलीकडे, ११ पलीकडे, आणि जेट्टी १२ मध्ये दोन्हींची सोय आहे.

आता तुम्ही काय करावं. नव्या मशीनवर आजच टॉमकॅट ९ ठेवा, जावा १७ तसंच राहू द्या. स्प्रिंग ५.३ जावा १७ वर चालतं, टॉमकॅट ९ ही चालतो. वॉरमध्ये एक अक्षर न बदलता साठा सुरू व्हायला हवं. डिस्क कुरकुरतेय म्हणता, तर आधी त्या मशीनवरून उठा. स्प्रिंग ६ आणि टॉमकॅट १०.१ हे काम त्यानंतर स्वस्थपणे हाती घ्या. ते टाळू नका मात्र, स्प्रिंग ५.३ ची मोफत देखभालही २०२४ मध्येच संपली आहे.


उत्तर

टॉमकॅट १०.१ आधीच बसवलाय तर तो काढायची गरज नाही. टॉमकॅटच्या मूळ फोल्डरमध्ये, वेबॲप्सच्या शेजारी, वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर स्वतः तयार करा आणि वॉर तिथे ठेवा. टॉमकॅट तिचं जकार्तात रूपांतर करून वेबॲप्समध्ये टाकतो. हेच काम करणारं रूपांतराचं साधन टॉमकॅट प्रकल्पाने वेगळंही दिलेलं आहे. ते बिल्डमध्ये एका पायरीसारखं बसवता येतं. आमचं एक जुनं ॲप्लिकेशन, ज्याचा सोर्सच हरवलाय, ते असंच चालतंय.


उत्तर

सोर्स हरवला असेल तर तोच मार्ग, त्याबद्दल वाद नाही. पण ताईंकडे सोर्स आहे. रूपांतर बाइटकोडवर (कंपाइल झालेल्या क्लासांवर) होतं, म्हणजे जे चालतं ते आणि जे तुम्ही वाचता ते एकसारखं राहत नाही. स्टॅकट्रेसमध्ये जकार्ता दिसणार, फाइल उघडली की जावाएक्स. ज्या बाईंनी पहिल्यांदाच सर्व्हर हाती घेतलाय त्यांच्यावर हे ओझं मी घालणार नाही. शिवाय रूपांतरित केलेलं स्प्रिंग ५ ही अशी चीज आहे की स्प्रिंगवाल्यांनी ती कधी बांधली नाही आणि तपासली नाही. काही अडलं तर विचारणार कुणाला?


उत्तर

शोधत शोधत या धाग्यावर येणाऱ्यांसाठी: वाइल्डफ्लाय या जावा सर्व्हरवरही हाच काठ आहे. २६ पर्यंत जावाएक्स चालतं, २७ पासून जकार्ता ईई १०. तिथे स्टँडअलोनमधल्या डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये वॉरच्या शेजारी डिप्लॉइड किंवा फेल्ड अशा शेपटीची छोटी फाइल तयार होते. फेल्ड दिसली तर ती उघडून वाचा, कारण बऱ्याचदा आतच असतं.


प्रश्नकर्ती

टॉमकॅट ९ टाकला. लोकलहोस्ट लॉगमध्ये ती ओळ आली! 'एक इनिशियलायझर सापडला.' ती पाहून खुर्चीतून उठले.

पण पुढे डिप्लॉयमेंट अडलं. कॅटलिना लॉग फक्त एवढं म्हणतो की एक किंवा अधिक लिसनर सुरू होऊ शकले नाहीत, तपशील योग्य त्या लॉगमध्ये पाहा. आता 'योग्य तो लॉग' म्हणजे काय हे कळलंय, म्हणून लोकलहोस्ट उघडला. तिथे स्प्रिंगचा लांबलचक स्टॅकट्रेस, आणि अगदी तळाशी: जेडीबीसी/साठा हे नाव या कॉन्टेक्स्टमध्ये बाउंड नाही.

हे निदान माझ्या ओळखीच्या प्रदेशातलं आहे. डेटाबेसचा पत्ता, वापरकर्ता, पासवर्ड वॉरमध्ये कुठेच नाहीत हे आता लक्षात आलं. मग ते जुन्या मशीनवर आहेत कुठे?


उत्तर

जुन्या टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये कॅटलिना नावाचं फोल्डर, त्यात लोकलहोस्ट, आणि त्यात साठा.एक्सएमएल अशी फाइल असेल. नसेल तर कॉन्फमधल्याच कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल किंवा सर्व्हर.एक्सएमएलमध्ये रिसोर्स नावाचा टॅग शोधा. कनेक्शन पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा संच) टॉमकॅट तयार करतो आणि ॲप्लिकेशन तो नावाने मागतं, अशी ही व्यवस्था आहे. पासवर्ड वॉरबाहेर राहतो म्हणून ती चांगलीच आहे, फक्त मशीन बदलताना मागे विसरते.

पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरची जारही जुन्या टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये असेल. ती नव्याच्याही लिबमध्ये ठेवा, वेब-आयएनएफमध्ये नको, कारण पूल उभारणारा टॉमकॅट आहे. जुनी जार न आणता ड्रायव्हरची ताजी आवृत्ती घ्या. बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह नावाची स्क्रिप्ट असेल तर तीही पाहा. मेमरीची मर्यादा आणि टाइमझोन बरेचदा तिथे लिहिलेले असतात आणि वॉरबरोबर तेही येत नाहीत.


प्रश्नकर्ती

फाइल तुम्ही सांगितलेल्याच जागी होती. ड्रायव्हर लिबमध्ये ठेवला, साठा.एक्सएमएल नव्या मशीनवर आणली, आणि लॉगिनचं पान उघडलं. यादी उघडली. भांडारातल्या दोघांना माझ्या शेजारी बसवून पावती-नोंद, निर्गम, शिल्लक सगळं करून घेतलं. बरोबर.

मग एका पानावरचं लेबल दुरुस्त करून नवी वॉर टाकायला गेले. जुनी वॉर पुसली, लॉगमध्ये अनडिप्लॉय झाल्याचं आलं, नवी कॉपी केली. आणि पुन्हा तेच: जेडीबीसी/साठा बाउंड नाही. पाहते तर कॉन्फमधली साठा.एक्सएमएलच गायब! मी तिला हातही लावला नव्हता. हे कसं झालं?


उत्तर

हे टॉमकॅटनेच केलं, आणि त्याच्या दस्तऐवजात तसं लिहिलेलं आहे. ऑटोडिप्लॉय (फोल्डरमधले बदल पाहून आपोआप डिप्लॉय करणं) चालू असताना वेबॲप्समधली वॉर पुसली की तो समजतो, हे ॲप्लिकेशन आता नको. मग उलगडलेलं फोल्डर, वर्क फोल्डर आणि कॉन्टेक्स्टची फाइल तिन्ही काढून टाकतो. वॉर बदलली तर मात्र कॉन्टेक्स्ट फाइल राहते. म्हणून वॉर कधी पुसू नका, तिच्या जागी नवी आणा.

आणि आणतानाही थेट कॉपी करू नका. मोठी वॉर नेटवर्कवरून हळूहळू येत असते, आणि तेवढ्यात टॉमकॅट अर्धीच फाइल उघडायला जातो. मग झिपची चूक येते आणि माणूस बिल्डला दोष देत बसतो. त्याच डिस्कवर वेबॲप्सच्या बाहेर एखाद्या फोल्डरमध्ये पूर्ण कॉपी होऊ द्या, नंतर एमव्ही या कमांडने साठा.वॉर या नावावर हलवा. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका क्षणात होतं, अर्धवट फाइल टॉमकॅटला दिसतच नाही.

साठा.एक्सएमएलची एक प्रत टॉमकॅटच्या बाहेर सुरक्षित ठेवा, पासवर्ड आहे म्हणून परवानग्या घट्ट करून. ती फाइल इथे चिकटवता का? पासवर्ड आणि पत्ता काढून. पूलच्या संख्या पाहायच्या आहेत.


प्रश्नकर्ती

बॅकअप होता म्हणून फाइल परत मिळाली. पूलचे गुणधर्म असे आहेत: मॅक्सॲक्टिव्ह ५०, मॅक्सवेट १००००, मॅक्सआयडल १०. फॅक्टरी नावाचा गुणधर्म नाही.


उत्तर

फॅक्टरी नाही हेच पाहायचं होतं. तिथे टॉमकॅटच्या स्वतःच्या जेडीबीसी पूलचं नाव असतं तर मॅक्सॲक्टिव्ह बरोबर ठरलं असतं. नाव नसेल तर टॉमकॅट डीबीसीपी हा दुसरा पूल वापरतो, आणि टॉमकॅट ८ पासून तो डीबीसीपी २ आहे. त्यात मॅक्सॲक्टिव्ह आणि मॅक्सवेट हे शब्दच उरले नाहीत. त्यांच्या जागी मॅक्सटोटल आणि मॅक्सवेटमिलिस आले. जुनी नावं दिली तर एक इशारा लिहून तो ती बाजूला ठेवतो आणि स्वतःचे आकडे धरतो: मॅक्सटोटल ८, आणि रिकाम्या कनेक्शनसाठी थांबायची मर्यादा काहीच नाही, कितीही वेळ.

ही फाइल बहुधा टॉमकॅट ७ च्या काळातल्या नमुन्यावरून लिहिली गेली असावी. जुन्या मशीनच्या कॅटलिना लॉगमध्ये मॅक्सॲक्टिव्ह हा शब्द शोधा.


प्रश्नकर्ती

शोधला. प्रत्येक वेळी टॉमकॅट सुरू होताना ओळ आहे: मॅक्सॲक्टिव्ह डीबीसीपी २ मध्ये वापरला जात नाही, मॅक्सटोटल वापरा, डिफॉल्ट ८, तुम्ही दिलेली ५० ही किंमत दुर्लक्षित केली आहे. सगळ्यात जुना लॉग जिथपर्यंत आहे तिथपर्यंत ती ओळ आहे.

हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. दर महिनाअखेरीला मोजणीच्या दिवशी साठा अडकतं. पानं फिरत राहतात, चूक येत नाही, काही मिनिटांनी आपोआप मोकळं होतं. त्या तक्रारी माझ्याकडेच यायच्या, कारण डेटाबेस माझा. मी त्या दिवशी पोस्टग्रेसमध्ये पाहायचे तर सक्रिय कनेक्शनं मोजकीच, लॉक नाहीत, सीपीयू निवांत. मी सांगायचे, डेटाबेस ठीक आहे. सहकारी सांगायचे, पूल ५० चा आहे, ॲप्लिकेशन ठीक आहे. दोघंही खरं सांगत होतो. मी त्या काळात घातलेले चार इंडेक्स आजही आहेत आणि त्यांतल्या दोनांचा काही उपयोग नाही. मोजणीच्या दिवशी वीसेक जण एकदम बसतात आणि प्रत्येकाचा अहवाल वीस-तीस सेकंद घेतो. आठ कनेक्शनांवर ते कसं पुरणार?

आता मॅक्सटोटल ३० केलंय आणि मॅक्सवेटमिलिस १००००, म्हणजे दहा सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही तर निदान चूक तरी दिसेल. पोस्टग्रेसची कनेक्शनांची मर्यादा डिफॉल्टचीच, १००, त्यामुळे बॅकअप आणि माझ्या स्वतःच्या कामाला जागा उरते. इशाऱ्याची ओळ लॉगमधून गेली.

पुढच्या कामासाठी सोर्समध्ये जावाएक्स शोधलं. ३१ ओळी निघाल्या. सगळ्या जकार्ता करायच्या का?


उत्तर

नाही, आणि हे विचारलंत ते बरं झालं. सरसकट शोधा-आणि-बदला केलंत तर कंपाइल होणार नाही. जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.नेमिंग, जावाएक्स.क्रिप्टो, जावाएक्स.नेट हे जावाच्या गाभ्यातले भाग आहेत, जावा ईईचे नाहीत. ते कायम जावाएक्सच राहणार. डेटासोर्स तुमच्याकडे सगळीकडे असेल, त्याला हात लावू नका. सर्व्हलेट, व्हॅलिडेशन आणि जावाएक्स.ॲनोटेशनमधले पोस्टकन्स्ट्रक्ट-प्रीडिस्ट्रॉय एवढेच बहुधा बदलावे लागतील. जेएसपीतल्या जेएसटीएलच्या जुन्या यूआरआय चालत राहतात, फक्त जार जकार्ताची हवी.

स्प्रिंग ६ मध्ये तीन ठिकाणी ठेच लागते. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असली तरी तेच पान, ही सवलत आता आपोआप मिळत नाही. तुमच्या '/यादी/' अशा जुन्या बुकमार्कांवर ४०४ येईल. फाइल अपलोडसाठी कॉमन्सचा मल्टिपार्ट रिझॉल्व्हर वापरत असाल तर तो काढून टाकलाय, सर्व्हलेटचाच वापरावा लागतो. आणि ६.१ पासून कंट्रोलरच्या पॅरामीटरला नाव न देता विसंबला असाल तर मेव्हनच्या कंपायलरला पॅरामीटर्स हा पर्याय द्यावा लागेल, नाहीतर कंपाइल नीट होतं आणि पान उघडताना कोसळतं.

हे सगळं झाल्यावर टॉमकॅट १०.१ वर पहिल्यांदा टाकाल तेव्हा ब्राउझरच्या आधी लोकलहोस्ट लॉग उघडा.


प्रश्नकर्ती

मोजले. ३१ पैकी २२ डेटासोर्स आणि नेमिंगच्या. बदलायच्या फक्त ९, त्यातल्या ६ एकाच फिल्टरमध्ये. तीन रात्री ज्याने घाबरवलं ते नऊ ओळींचं काम आहे हे पाहून हलकं वाटलं, तिरक्या रेघेचं मात्र आधीच लिहून ठेवते, भांडारातल्या सगळ्यांचे बुकमार्क तसेच आहेत.

जुनं मशीन आज संध्याकाळी बंद केलं. मोजणी शुक्रवारी आहे. त्या दिवशी मी भांडारातच बसणार आहे, जे होईल ते इथे लिहीन.